बंदच आहे नं, भाऊ

लग्नात पंगतीला बसलो आणि शेजाऱ्याला कळलं की हा माणूस रेल्वेच्या विजेच्या तारांवर काम करत होता, की पहिला प्रश्न ठरलेला. लोकलमधले दिवे आणि पंखे मधेच का जातात? दुसरा प्रश्न त्याहून ठरलेला. तुम्हाला कधी शॉक लागला का? दुसऱ्या प्रश्नावर मी सांगतो, लागला असता तर ही जिलेबी आज तुमच्या पानात पडली असती. पहिल्याचं उत्तर मात्र नीट द्यावं लागतं. मी सुरुवात करतो, तेवढ्यात भात येतो, भातामागून मठ्ठा येतो, आणि उत्तर राहून जातं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

आसनगावहून खर्डी, कसाऱ्याकडे जाताना रुळांच्या वर बघितलं तर तारा दिसतात. वरची तार थोडी झोळ खाल्लेली असते. तिला बारीक तारांनी खालची तार टांगलेली असते, म्हणून खालची सरळ राहते. गाडीच्या टपावर एक दुमडती चौकट असते, तिला पेंटोग्राफ म्हणतात. आम्ही नुसतं पेंटो म्हणायचो. हा पेंटो खालच्या तारेला घासत जातो आणि वीज उचलतो. ती तारही अगदी नाकासमोर जात नाही, या खांबापाशी जरा डावीकडे, पुढच्या खांबापाशी जरा उजवीकडे ओढलेली असते. विळी एकाच जागी घासली की तिला खाच पडते, तसं पेंटोचं होऊ नये म्हणून. वीज वरून येते, मोटारी फिरवते, चाकांतून रुळांत उतरते आणि रुळांवाटे परत सबस्टेशनला जाते. तिला परतीची वाट नसली तर ती यायचीच नाही.

आता दिवे. तारेतली वीज थेट डब्यातल्या ट्यूबला दिली तर ट्यूबही राहणार नाही आणि डबाही नाही. म्हणून गाडीच्या पोटाखाली एक यंत्र असतं. ते तारेतली दांडगी वीज खातं आणि दिव्या-पंख्यांना झेपेल अशी बारीक वीज देतं. जोडीला बॅटऱ्या असतात. तारेतून वीज मिळेनाशी झाली की यंत्र थांबतं, पंखे मंदावतात, दिवे जातात आणि बॅटरीवरचा एखाददुसरा दिवा तेवढा मिणमिणत राहतो.

आणि वीज मिळेनाशी होते कारण ती तार सलग नसते. भाताच्या खाचरांना जसे बांध घातलेले असतात तसे तिचे तुकडे पाडलेले असतात, म्हणजे एका तुकड्यात बिघाड झाला तरी बाकीच्या गाड्या चालू राहतात. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे पंधराशे व्होल्टची डीसी होती. पुढे आमच्या बाजूला पंचवीस हजारांची एसी आली आणि खाली कल्याणकडे डीसीच राहिली. जिथं एक संपते आणि दुसरी सुरू होते तिथं मधला तुकडा रिकामा ठेवावा लागतो. मोटरमन त्याच्या आधी वीज तोडतो, गाडी आपल्या वेगात तो तुकडा पार करते, आणि पलीकडे गेल्यावर तो पुन्हा वीज घेतो. तेवढा वेळ तुमचे दिवे जातात. तिथं भूतबीत काही नाही.

शहापूरच्या बाजारात भेंडी-गवार विकणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचा डबा त्या तुकड्यावरून गेला आणि दिवे परत आले की त्या हात जोडायच्या. तिन्हीसांजेला घरात दिवा लावल्यावर जोडतात तसे. हळूहळू त्यांच्या आसपासच्या बायकाही जोडायला लागल्या. मी एकदा त्यांना आसनगावच्या फलाटावर गाठून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी टोपली डोक्यावर घेत घेत ऐकलं आणि म्हणाल्या, “दिवा आला का हात जोडायचं बाबा. का गेला त्ये तुज्या साहेबाला इचार.”

दुसरी बाई खर्डीच्या पुढच्या एका पाड्यातली. आमची तार त्यांच्या झोपडीशेजारून जवळजवळ हात लांबवला तर लागेल अशी जायची आणि पाड्यात वीज नव्हती. आम्ही खांबापाशी काम करत असलो की ती पाणी आणून द्यायची आणि दरवेळी विचारायची, एवढी तार चाललीय, त्यातला एक दिवा आम्हाला का नाय? मी सांगायचो की ही वीज घरात घेतली तर घर जळेल. ती म्हणायची, मग असली वीज काय कामाची. पाड्यात वीज आली, पण फार वर्षांनी. तोवर संध्याकाळी दिव्यांनी लखलखणाऱ्या गाड्या तिच्या दारावरून जायच्या आणि ती कंदिलाची काच पुसत बसलेली असायची. मला त्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं.

आता आमच्या कामाबद्दल. तारेवर काम करायचं तर आधी वीज तोडायची, हे कोणालाही कळतं. पण तोडली म्हणजे गेली असं नसतं, हे कळायला नोकरीत वर्षं जावी लागतात. विशेषतः एसी आल्यावर. दोन तारा शेजारी असल्या, एकीत वीज चालू आणि दुसरी तोडलेली, तरी चालूवालीमुळे तोडलेलीत वीज उतरते. शेजारच्या घरात मिरचीची फोडणी पडली की ठसका आपल्याला लागतो, तसंच. शिवाय डीसीला निदान हात तरी लावावा लागायचा. एसीची पंचवीस हजारांची वीज जवळ गेलेल्या माणसाला हात न लावताच धरते.

म्हणून आमच्याकडे काठी असते. साहेब लोक तिला डिस्चार्ज रॉड म्हणतात. वीज न वाहणारी लांब काठी, तिच्या टोकाला आकडा, आकड्यापासून निघालेली जाड केबल. केबलीचं दुसरं टोक आधी रुळाला आवळायचं आणि मग आकडा तारेत अडकवायचा. आधी खाली, मग वर. तारेत वीज राहिली असलीच तर ती केबलीतून रुळात जाते आणि माणूस वाचतो. कामाच्या दोन्ही बाजूंना अशा काठ्या लावल्या की मगच शिडीवर पाय.

आमच्या गँगमध्ये यासाठी शब्द होते. ते पुस्तकात सापडणार नाहीत. नुसती वीज तोडली की म्हणायचं, लाईन निजली. दोन्हीकडे काठ्या लागल्या की म्हणायचं, लाईन बांधली. मेली असं कोणी म्हणायचं नाही. आमच्या आया-आज्यांनी घरात कधी दिवा विझव म्हणू दिलं नाही, त्यातलाच हा प्रकार असावा. पण शब्दात अर्थ होता. निजलेलं जनावर उठून शिंग मारू शकतं, बांधलेलं नाही.

हे शब्द आमच्यात सगळ्यात जास्त काशिनाथच्या तोंडी. काशिनाथ माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, मुरबाडच्या पुढचा. मुरबाडला रेल्वे येणार हे मी जन्मल्यापासून ऐकतोय. ती काही आली नाही, म्हणून काशिनाथच रेल्वेत आला. शिडीवर त्याच्यासारखा माणूस नव्हता. सडपातळ, हलका, पायात जड बूट असले तरी माकडासारखा चढायचा. तोंड मात्र सतत चालू. वर चढल्यावरही गप्पा मारायचा, आणि आम्ही खाली माना वर करून हूं हूं करायचो.

त्याची मुलगी वैशाली, एकुलती एक. एसी येऊन फार काळ झाला नव्हता, तेव्हा तिचं लग्न ठरलं, वैशाखातलं. हळद आदल्या संध्याकाळी. माझी बायको सुमन आठवडाभर आधीच माहेरी गेली होती. निघताना मला बजावून गेली, “हळद लागायच्या आत माज्या भावाला धडधाकट आणून दारात उभा करा. येवढं एक काम तुमच्याकडं.”

तुम्ही म्हणाल, नवरीचा बाप हळदीच्या दिवशी कामावर कशाला? त्याचं असं झालं की घरच्या बायकांनीच त्याला हाकलला. मांडवात उभा राहून तो प्रत्येकीला हे असं करा, ते तसं करा सांगत होता. शेवटी त्याची आई म्हणाली, पायात पायात येऊ नको, जा तुज्या तारांकडं. हा सकाळी डेपोत हजर. उलट आमच्यातले दोघे, त्याचेच भाऊबंद, मांडव घालायला म्हणून रजेवर. म्हणजे नवरीचा बाप कामावर आणि गँग लग्नात.

त्यातच कावळ्याचं घरटं निघालं. वैशाखात माणसांची लग्नं आणि कावळ्यांचे संसार एकदमच असतात. शहापूरकडे बांधकामं वाढली तशी कावळ्यांनी काटक्या सोडून बाइंडिंग वायर धरली. तार धरणाऱ्या कमानीत, चिनीमातीच्या इन्सुलेटरला लागून, ते अशी तारांची घरटी करतात. एखादी तार लोंबली की ठिणगी पडते आणि अख्खा तुकडा बंद पडतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात, आमच्याकडे कावळा बसायला आणि गाडी थांबायला पडायची. त्या दिवशी घरटं होतं एका स्टेशनच्या बाजूच्या सायडिंगमध्ये, म्हणजे मालाचे डबे उभे करायच्या जुन्या रुळावर. तिथं डबे क्वचितच यायचे, आणि तिथली लाईन पुष्कळदा निजवूनच ठेवलेली असायची.

सायडिंगची वीज तोडायला तिच्या टोकाला एका खांबावर हाताने फिरवायचा मोठा खटका असतो, त्याला आयसोलेटर म्हणतात. तिथं नेहमी जाणारा माणूस मांडवात खांब रोवत होता. म्हणून मी देवरावला पाठवलं.

देवराव वर्ध्याकडचा, आमच्याकडे नुकताच बदलून आलेला. चाळिशीचा, शांत, कामाला चोख. त्याची मराठी आम्हाला गोड वाटायची आणि आमची त्याला तुटक. तो म्हणायचा, तुमी लोक शब्द अर्धे गिळता. काशिनाथनं त्याला लग्नाचं आवतण आधीच दिलं होतं आणि हळदीला आला नाहीस तर बघ अशी तंबीही दिली होती.

मी देवरावला सांगितलं, आयसोलेटरवर जा, बंद कर आणि कळव. वळणापलीकडे होता तो खांब, इथून दिसत नव्हता. थोड्या वेळानं वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला. “बंदच आहे नं, भाऊ.”

मला नवल वाटलं नाही. म्हटलं, नेहमीप्रमाणे निजवूनच ठेवलेली असेल. मी कंट्रोलला, म्हणजे सगळ्या लाईनच्या विजेवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसला, तसं कळवलं, कंट्रोलनं कामाची परवानगी दिली. काशिनाथनं ते सगळं ऐकलं आणि शिडी उचलली. त्याला घाई होती. किन्हवलीवरून जाणारी मुरबाडची एसटी चुकली तर पुढची कधी, हे एसटीलाही ठाऊक नसायचं.

“दाजी, बंद हाय ना? मंग काठी कशाला? एक घरटं तर काढायचंय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, बांधल्याशिवाय शिडी लागायची नाही.

“तुमी पन ना. निजलेल्या म्हशीला दावं कशाला?”

मला काही संशय आला होता असं नाही. नंतर लोकांनी मला बरंच शहाणपण चिकटवलं, ते खोटं आहे. दात घासल्याशिवाय चहा घेत नाही तशी ती सवय होती, एवढंच. काशिनाथ कुरकुरत खाली बसला, केबलीचं टोक रुळाला आवळलं, काठी उचलली आणि आकडा तारेकडे नेला.

आवाज समोरच्या टेकडीवर आदळून परत आला. पांढरानिळा लखलखाट झाला, त्यात मला भर उन्हात काशिनाथची दुसरी सावली पडलेली दिसली. मग तो खडीवर पाठीवर पडलेला होता आणि काठीचं टोक वितळून काळं झालं होतं.

मी धावलो. शेजारच्या फलाटावर एक लोकल उभी होती. आमच्या दणक्यासरशी सगळा तुकडा बंद पडला होता, तिचे पंखे थांबले होते. एका माणसानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि मला विचारलं, काय हो, फॅन कधी येणार? त्याच्या जागी तो बरोबर होता, मे महिना होता. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं छापता येणार नाही.

काशिनाथ उठून बसला. भुवया जळाल्या होत्या, मिशीचं एक टोक गेलं होतं. बाकी सगळा जागच्या जागी. वीज काठीच्या केबलीतून रुळात गेली होती, त्याच्यातून नाही. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग वर, जिथं शिडी लावून तो आत्ता असला असता तिथं बघितलं. घरटं तसंच होतं.

देवराव वळणावरून पळत आला. हातात आयसोलेटरच्या कुलपाची चावी.

मी ओरडलो, बंद आहे म्हणालास ना तू?

“बंदच तं होता, भाऊ,” तो धापा टाकत म्हणाला. “उघडाले तुमी सांगतलंच नाही. मी चाबी घेऊन उभा होतो, कधी सांगता म्हणून.”

आधी मला वाटलं, हा काय बरळतोय. मग डोक्यात प्रकाश पडला.

त्याचं असं आहे. इंग्रजीत खटका ओपन म्हणजे त्याच्या पात्या एकमेकींपासून लांब, वीज तुटलेली. क्लोज म्हणजे पात्या मिटलेल्या, वीज चालू. देवराव जिथून आला तिथं त्याचं सरळ भाषांतर करून बोलायचे. उघडा म्हणजे वीज नाही, बंद म्हणजे वीज आहे. शाळेच्या विज्ञानातही बंद परिपथातूनच वीज वाहते, तेव्हा त्यांचं काही चूक नव्हतं. आमच्याकडे मात्र घरात जसं बोलतो तसं. दिवा बंद, नळ बंद, रेडिओ बंद. बंद म्हणजे नाही. मी त्याला बंद कर म्हणालो, तो गेला, पात्या मिटलेल्या बघितल्या आणि खरं तेच सांगितलं, बंदच आहे. त्याला वाटलं, हे लोक आधी खात्री करून घेतात, मग उघडायला सांगतील. तो तिकडे हुकमाची वाट बघत उभा, आणि इकडे काशिनाथ शिडी उचलतोय. दोघंही मराठी, दोघंही खरं बोललो, आणि एका शब्दात माणूस जात होता.

आमच्या गँगमधला कोणीही तिथं असता तर निजवली की नाही एवढंच सांगितलं असतं. आणि देवरावच्या मुलखातला कोणी माझ्या जागी असता तर त्यानं उघड म्हणून सांगितलं असतं. आम्हीच दोघे एकत्र यायला नको होतो.

पुढे चौकशी झाली. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली आणि शेवटी स्वतःच कपाळाला हात लावला. त्यानंतर डेपोत बंद हा शब्द बंद झाला, म्हणजे आमच्या अर्थानं. सप्लाय आहे किंवा सप्लाय नाही, एवढंच बोलायचं, असं ठरलं. देवरावला कोणी दोष दिला नाही. पण त्यानं तो स्वतःला दिला, आणि दुसऱ्यानं दिलेला दोष परत घेता येतो तसा हा घेता येत नाही. आधीच कमी बोलणारा माणूस, प्रत्येक शब्द बोलायच्या आधी तपासून बघायला लागला. दोनेक वर्षांनी तो बदली घेऊन आपल्या मुलखात गेला. जायला नको होता. आमच्या शब्दाला त्याच्यासारखा जपणारा दुसरा मिळाला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीचं राहिलंच. स्टेशनजवळच्या डॉक्टरनं काशिनाथला तपासलं, डोळ्यांत थेंब घातले आणि सांगितलं, आता बरं वाटतंय, संध्याकाळी डोळे पेटतील. लखलखाट उघड्या डोळ्यांनी बघितला की असं होतं, वेल्डिंगवाल्यांना विचारा. एक-दोन दिवसांत आपोआप जाईल, उजेडाकडे बघू नका. काशिनाथनं मला आणि देवरावला शपथ घातली की घरी एक अक्षर बोलायचं नाही, निदान पोरगी सासरी जाईपर्यंत. देवराव म्हणाला, मी येत नाही हळदीला, माझं तोंड नाही. काशिनाथनं त्याच्या मनगटाला धरलं आणि एसटीत चढवलं. सोडलं ते गाडी सुटल्यावर.

किन्हवली सोडली आणि त्याचे डोळे पेटले. वाळू टाकल्यासारखे, तो म्हणाला. मुरबाडपर्यंत रुमाल भिजून चिंब.

दारात सुमन उभी होती. तिनं भावाकडे वरून खाली बघितलं. भुवयांचं विचारलं तर तो म्हणाला, गॅस पेटवताना झालं. डोळ्यांचं तिनं विचारलंच नाही. कोणीच विचारलं नाही. हळदीच्या दिवशी नवरीच्या बापाच्या डोळ्यांना धार लागली तर त्याचं कारण कोण विचारतं? बायका एकमेकींना दाखवत होत्या, बघा गो, कवा नाय त्यो काशिनाथ. बाप गेला तवा रडला नाय, आता बघा. त्याची आई पदरानं डोळे पुसत आली आणि म्हणाली, देवानं सुखरूप ठेवला रे तुला ह्या दिवसाला. तिला काहीच ठाऊक नव्हतं, ती नेहमीचंच बोलत होती. मी आणि देवराव दुसरीकडे बघत राहिलो.

अंधार पडला तसे मांडवात हॅलोजन लावले. मोठे, पांढरे, डोळ्यांवर येणारे. काशिनाथला ते सहन होईनात. तो खांबाला टेकून डोळे मिटून बसला. वाजंत्री सुरू झाली, बायकांनी गाणी म्हटली, हळद लागली. आणि मग वैशाली हळदीनं पिवळी होऊन बापाच्या पाया पडायला आली. समोर उभी राहिली. आणि हा डोळे मिटून बसलेला. उघडायचा प्रयत्न करायचा आणि समोरचा झोत लागला की पुन्हा गच्च मिटायचा. पोरीच्या चेहऱ्याकडे बघायला बापाला डोळे उघडता येईनात. वैशालीला वाटलं, बाबांना रडू आवरत नाही, म्हणून तीही रडायला लागली.

देवराव मांडवाच्या कडेला, दिव्यांच्या बोर्डाजवळ उभा होता. अख्खा वेळ तिथंच होता, पानावरही बसला नव्हता. काशिनाथनं मिटल्या डोळ्यांनी त्याला हाक मारली.

“देवराव, त्यो समोरचा दिवा जरा...”

आणि तो थांबला. पुढचा शब्द आम्हा तिघांपैकी कोणाच्याच तोंडातून निघेना. विझव म्हणायची सोय नाही, शुभकार्याचं घर. आणि दुसरा शब्द त्या दिवशी आमच्यात उरलाच नव्हता. वाजंत्री चालू होती. देवरावचा हात बोर्डावर गेला, तसाच थांबला. त्यानं हळूच विचारलं, “निजवू का, भाऊ?”

काशिनाथ हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

“निजव.”

समोरचा झोत गेला. मांडवात मागच्या साध्या बल्बांचा पिवळा उजेड राहिला. काशिनाथनं डोळे उघडले आणि पोरीकडे बघितलं. ती समोरच होती, नखशिखांत पिवळी, नाक लाल झालेली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ काढला नाही. डोळ्यांतलं पाणी वाहतच होतं.

मी वाकून विचारलं, फार जळतंय का?

“नाय दाजी,” तो म्हणाला. “ह्ये पानी आता माजं हाय.”